मुलं, पालक आणि शिक्षकांची ‘बनवून बघू’ कार्यशाळा : तयारीपासून आवराआवरीपर्यंत

कार्यशाळा संपते तेव्हा टेबलावर अठरा पेनस्टँड ओळीनं उभे असतात. सगळ्यांना तीच चमकी, तीच लेस. त्यातले निम्मे तरी आईबाबांनी बनवलेले, हे कडा बघूनच कळतं. ग्रुप फोटो निघतो, व्हॉट्सॲपवर जातो, आणि पोरगं घरी जाताना विचारतं, "हा ठेवायचा कुठं?" माझी पहिली कार्यशाळा अगदी अशीच झाली होती, त्यामुळे हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

आता शाळांमधून, सोसायट्यांमधून फोन येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "साहित्याची यादी पाठवा न." गडबड तिथूनच सुरू होते. डिझाइन थिंकिंग म्हणून जे काही सांगितलं जातं त्याच्या पायऱ्या पाच : ज्याची अडचण आहे त्याला समजून घेणं, अडचण नेमक्या शब्दांत मांडणं, भरपूर कल्पना काढणं, कच्चा नमुना बनवणं आणि तो वापरून बघणं. बहुतेक जण चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि तिथंच जेवायची सुट्टी करतात.

खालची पद्धत ८ ते १४ वर्षांची मुलं, त्यांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी आहे. सव्वातीन तास, २४ माणसं, चार-चार जणांचे सहा गट. प्रत्येक गटात दोन मुलं, दोन मोठे. सांभाळायला तुम्ही आणि दोन मदतनीस. पन्नास जणांची नावं आली तर दोन दिवस घ्या, पण एका हॉलमध्ये पन्नास जण कोंबू नका. कात्र्या, कटर आणि गरम गोंद यांच्यावर तीन माणसं याहून जास्त लक्ष ठेवू शकत नाहीत.

## टप्पा १ : प्रश्न शोधा (पंधरा दिवस आधी)

साहित्याच्या आधी प्रश्न. आणि प्रश्न एखाद्या खऱ्या माणसाचा हवा. तो माणूस कार्यशाळेच्या दिवशी तिथं हजर असावा, नाहीतर निदान मुलाच्या घरात तरी असावा.

"पाणी वाचवा", "प्रदूषण थांबवा", "स्मार्ट सिटी" हे विषय घेऊ नका. त्यावर पोस्टर होतं, वस्तू होत नाही. नागपूरच्या घरात शोधायला लागलात तर प्रश्नांचा तोटा नाही. कूलरमध्ये पाणी भरणं. दुपारी स्कूटीची सीट तव्यासारखी तापणं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना दूधवाला आल्याचं न कळणं. दप्तरात डबा आडवा होऊन वह्यांना तेल लागणं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, ओढायच्या लाकडी बैलाचं एक चाक नेहमी अडणं.

चांगला प्रश्न ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. तो एका माणसाच्या नावानं सांगता येतो का? गेल्या आठवड्यात तो खरंच घडला का? त्याचा काही भाग पुठ्ठ्यात बनवून बघता येईल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही, ॲप लागेल" असं आलं तर तो प्रश्न बाजूला ठेवा.

नाव नोंदवतानाच पालकांना एक काम द्या : घरातल्या एका माणसाची रोजची एक कटकट लिहून आणा, उपाय लिहू नका. शेवटचे तीन शब्द ठळक अक्षरांत लिहा. तरी निम्मे लोक उपायच लिहून आणतात, पण निदान बोलणं तिथून सुरू करता येतं.

तपासा : तुमच्याकडे कागदावर किमान आठ प्रश्न आहेत का? सहा गटांना सहा लागतात, दोन हाताशी.

## टप्पा २ : दिवस, वेळ आणि हॉल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात सोयीचे. पण मुलं मोकळी असतात उन्हाळ्यात, आणि विदर्भात शाळाही जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे मे महिन्यात कार्यशाळा घ्यावीच लागते. तेव्हा सकाळी साडेसातला सुरू करा आणि पावणेअकराला लोकांना घरी सोडा. पारा ४५ च्या वर असताना दुपारी बाराला लहान मुलांना स्कूटीवर बसवून पाठवणं बरोबर नाही. पोळ्याचा दुसरा दिवस टाळा. मारबत-बडग्या या पुतळ्यांच्या मिरवणुकीत महाल-इतवारीतून गाडी काढणं विसराच, आणि मुलंही तान्ह्या पोळ्याला जाणार.

हॉल बघायला जाल तेव्हा कूलर कुठं आहेत ते आधी बघा. इथं मी दोनदा फसलो. कूलरच्या झोतात चिकटचिठ्ठ्या उडतात, हे समजण्यासारखं आहे. पण कूलरची हवा ओलसर असते, हे लक्षात येत नाही. त्या हवेत पुठ्ठा तासाभरात मऊ पडतो आणि पांढरा फेविकॉल वाळायचं नाव घेत नाही. गटांची टेबलं झोतापासून लांब, भिंतीकडे लावा. चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवण्यापेक्षा सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद लटकवा.

विजेचं गणितही आधीच करा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर, माईक आणि तीन ग्लूगन (गरम गोंदाच्या बंदुका) लावल्या की फ्यूज उडू शकतो. कूलर एका बोर्डवर, ग्लूगन दुसऱ्या.

इशारा : ग्लूगनचा चटका बसला तर भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरायचा असतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कसं येतं हे नागपूरकरांना सांगायला नको. म्हणून साध्या पाण्याच्या दोन बादल्या आणि एक मग आदल्या रात्रीच सावलीत भरून ठेवा, आणि मगानं पाणी ओतत राहा. बर्फ लावू नका, टूथपेस्ट लावू नका, चिकटलेला गोंद ओढून काढू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टर.

## टप्पा ३ : साहित्य (आणि स्वतःच्या हातानं एक तालीम)

आता यादी. एका गटाला एवढं पुरतं :

- मध्यम आकाराचे दोन खोके, उलगडून सपाट केलेले
- बांबूच्या बारीक काड्या १५, आईस्क्रीमच्या काड्या २०
- बाटल्यांची झाकणं ८, रिकाम्या बॉलपेनच्या नळ्या ४
- सुतळी, रबरबँड, कपड्यांचे चिमटे, जुनी वर्तमानपत्रं
- मास्किंग टेप एक, कात्र्या दोन, स्टीलची पट्टी एक, पेन्सिली
- दुमडायला कोरे कागद २०

खोके किराणा दुकानातून किंवा कबाड्याकडून आणा. सफरचंदाचे खोके फुकट मिळतात म्हणून उचलू नका. तो पुठ्ठा इतका जाड असतो की मुलांच्या कात्रीला दाद देत नाही, आणि मग मोठे कटर हातात घेतात. बिस्किटांच्या खोक्याचा तीन पदरी पुठ्ठा उत्तम. आणल्यावर अर्धा तास उन्हात टाका, झुरळं निघून जातात.

सेलोटेपऐवजी मास्किंग टेप सांगतो त्याला कारण आहे. ती हातानं फाटते, पुठ्ठा न सोलता निघते आणि तिच्यावर लिहिता येतं. चमकी, लेस, रंग, घोटीव कागद यातलं काहीही टेबलावर ठेवू नका. पालक कुरकुर करतील. करू द्या. चमकी दिसली की मुलं सजवायला लागतात, आणि सजवलेली वस्तू मोडून परत करायला कुणाचा हात उठत नाही.

प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ ओलाव्यानं दबतो. म्हणून बॉलपेनच्या नळ्या. बांबूची काडी तिच्यात सैल फिरते, चाकाचा आस तयार.

दिवे लावायचा मोह होतो. बटणासारखा तीन व्होल्टचा सेल आणि एलईडी, दिसायला छानच. पण हा सेल लहान मुलानं गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका जळू शकते. सोबत धाकटी भावंडं येणार असतील तर ते साहित्य आणूच नका. आणलंच तर मोजून द्या, मोजून परत घ्या.

यादी झाली की एक संध्याकाळ काढा आणि निवडलेल्या प्रश्नांपैकी एकावर स्वतः नमुना बनवा. घड्याळ लावून. कात्री पुठ्ठ्याला चालते का, टेप किती लागते, चाळीस मिनिटं पुरतात का, हे तिथंच कळतं. तो नमुना कार्यशाळेत आणू नका. मुलांना दाखवलात की सहा गट त्याच्या सहा नकला करतील.

## टप्पा ४ : हात मोकळे करा (२० मिनिटं)

ओळखपाळख, स्वागत, दीपप्रज्वलन यात अर्धा तास जातो. मी ते सगळं गाळतो. लोक आले की टेबलावर पुठ्ठा, आणि एकच काम : दोन इंच रुंद आणि फूटभर लांब अशा दोन पट्ट्या कापा. एकीत पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी लांबीच्या दिशेनं, दुसरीत आडव्या. दोन पुस्तकांवर पूल करून मधोमध वजन ठेवा.

लांबीच्या पन्हळींची पट्टी ताठ राहते, आडव्या पन्हळींची मधोमध बसते. हे एकदा हातानं कळलं की पुढचे दोन तास "सर, हे सारखं वाकून राहिलं" असं कुणी विचारत नाही.

याच वेळात कटरचे नियम सांगून टाका. दहा वर्षांखाली कटर नाही, कात्री. त्यावरच्यांनी उभं राहून, स्टीलच्या पट्टीला धरून, खाली जाड पुठ्ठा ठेवून कापायचं. एका जोरात कापायचं नाही, हलक्या हातानं तीनदा फिरवायचं. पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत नकोत. बोथट पातं जास्त धोक्याचं, कारण जोर लावावा लागतो आणि मग ते सटकतं. तुटलेले तुकडे एका बाटलीत, झाकण लावून. ग्लूगन गटाच्या टेबलावर जात नाही. तिचं एक वेगळं टेबल आणि तिथं एक मदतनीस. शेवटपर्यंत तो तिथून हलत नाही.

## टप्पा ५ : विचारा, सुचवू नका (३० मिनिटं)

लोक सगळ्यात घाईनं उरकतात तो हाच टप्पा, म्हणून इथं थोडं थांबतो.

प्रत्येक गटानं आपल्या प्रश्नाच्या मालकाशी बोलायचं. बोलणार मूल, लिहिणार मोठा माणूस. मोठ्यांनी बोलायचं नाही, ही अट तोंडी सांगून भागत नाही. त्यांच्या हातात वही-पेन दिलं की ती आपोआप पाळली जाते.

"तुम्हाला काय अडचण आहे?" असं विचारलं की माणूस "काही नाही बाप्पा, सगळं ठीक आहे" म्हणतो. "असं असतं तर बरं झालं असतं ना?" असं विचारलं की "हो हो" म्हणतो. दोन्हींतून काहीच हाती लागत नाही. विचारायचं शेवटच्या वेळेबद्दल : काल हे कधी केलं? आधी काय केलं, मग काय? मला करून दाखवता?

एका मे महिन्यातला प्रसंग. सहावीतला मुलगा, त्याची आजी, विषय कूलर. मुलानं घरूनच ठरवून आणलं होतं की आजीला बादली जड होते.

"आजी, काल कूलरमध्ये पाणी कोणी भरलं?"

"मीच भरलं न. तुझी आई ड्युटीवर, अन् तू मैदानात खेळून राहिला होता."

"बादलीनं?"

"बादलीनं काहून? पाइप आहे न मोरीतून."

मुलगा गप्प झाला. त्याचा प्रश्न संपला होता. मदतनीस पुढं सरसावणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं. पाच-सहा सेकंद कुणीच बोललं नाही. मग आजीच म्हणाली, "पाइप लावला का मी नळाजवळ उभी राहतो अन् कूलर खिडकीत. भरला का नाही समजत नाही. परवा पाणी हॉलभर झालं. मीच घसरली असती."

अडचण वजनाची नव्हतीच. ती न दिसण्याची होती. आजी आपणहून बोलली ती त्या पाच-सहा सेकंदांमुळे. म्हणून मदतनिसांना आधीच सांगून ठेवा : गट अडला की लगेच धावून जायचं नाही, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं.

तपासा : वहीत माणसाचे स्वतःचे शब्द किमान तीन ठिकाणी जसेच्या तसे आहेत का? सगळं "त्यांना सोय हवी आहे" अशा भाषेत असेल तर परत पाठवा.

## टप्पा ६ : अडचण एका वाक्यात (२० मिनिटं)

फळ्यावर साचा लिहा : "अमुकला अमुक करायचं असतं, पण अमुक कारणानं जमत नाही."

आजीच्या गटाचं पहिलं वाक्य होतं, "आजीला कूलरसाठी अलार्म हवा." हा तर उपाय झाला. वाक्यात वस्तूचं नाव आलं की समजायचं, उपाय चोरपावलानं आत आला. दुसरं होतं, "लोकांना पाणी भरताना त्रास होतो." यात माणूसच हरवला. तिसऱ्या वेळी जमलं : "आजीला कूलर भरल्याबरोबर नळ बंद करायचा असतो, पण ती मोरीजवळ उभी असते आणि पाणी किती चढलं ते तिथून दिसत नाही."

वाक्य मालकाला वाचून दाखवा. तिनं मान डोलावली तर पुढं. "तसं नाही बाप्पा" म्हणाली तर पुन्हा लिहा. दोन-तीनदा खोडावं लागतं, आणि एका झटक्यात जमलेल्या वाक्याकडे मी तरी जरा संशयानंच बघतो.

यानंतर १५ मिनिटांची सुट्टी. पोहे द्यायचे तर तर्री वेगळ्या टेबलावर आणि कागदांपासून लांब. पुठ्ठ्यावरचा तर्रीचा डाग जात नाही.

## टप्पा ७ : आठ चौकोन (२० मिनिटं)

कोरा कागद तीनदा दुमडा. उघडला की आठ चौकोन. आठ मिनिटं, दर मिनिटाला एक चित्र. शब्द कमी, चित्र वेडंवाकडं चालेल. मोठेही काढतात, पण प्रत्येकानं आपापल्या कागदावर आणि न बोलता. गप्पा मारत कल्पना काढल्या की गटातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो, आणि तो बहुधा कुणाचा तरी बाबा असतो.

चौथ्या-पाचव्या चौकोनाला सगळे अडतात. "झालं सर" म्हणतात. पेन खाली ठेवू देऊ नका. सोपी उत्तरं पहिल्या चारांत संपतात, आणि काहीतरी वेगळं निघतं ते सहाव्या-सातव्यात. आजीच्या गटात सातवं चित्र धाकट्या बहिणीचं होतं : पाण्यावर तरंगणारी बाटली आणि तिच्यावर झेंडा.

मग कागद सुतळीवर लटकवा आणि निवड करा. त्यासाठी टिकल्यांचं पाकीट आणा. सीताबर्डीवर कुठंही मिळतं आणि रंगीत स्टिकरांपेक्षा स्वस्त पडतं. प्रत्येकाला तीन टिकल्या, मुलं आधी लावतील, मोठे नंतर. ज्याची अडचण आहे त्याचा शब्द शेवटचा.

इशारा : "हे होणार नाही", "हे तर बाजारात मिळतं" ही दोन वाक्यं या टप्प्यात कुणी बोलायची नाहीत. शिक्षकांना हे पालकांपेक्षा जड जातं, हे मी स्वतः शिक्षक असून सांगतो.

## टप्पा ८ : कच्चा नमुना (४० मिनिटं)

सुरू करण्याआधी प्रत्येक गटानं एक गोष्ट लिहायची : या नमुन्यातून आपल्याला नक्की काय तपासायचं आहे? आजीच्या गटानं लिहिलं, "झेंडा मोरीतून दिसतो का." बस. मग अख्खा कूलर बनवायचं कारण उरत नाही. एक बादली, बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली, तिला टेपनं बांधलेली काडी, आणि काडी सरळ वर जावी म्हणून बादलीच्या तोंडावर भोक पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी.

पहिल्यांदा काडी अडली. भोक काडीएवढंच होतं आणि बाटली जरा कलली की काडी रुतायची. मुलीच्या आईचा हात दोनदा पुढं आला. तिनं तो मागं घेतला, पण चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. पाच मिनिटांनी मुलीनं भोकात बॉलपेनची नळी उभी बसवली आणि काडी तिच्यातून सोडली. सरसर वर गेली. आईनं हात लावला असता तर भोक दहा सेकंदांत मोठं झालं असतं, आणि सकाळी चाकाच्या आसासाठी दाखवलेली नळी इथंही चालते हे मुलीच्या डोक्यात आलं नसतं.

मोठ्यांना नुसतं "हात लावू नका" म्हणू नका, कामं वाटून द्या. एक जण धरणारा. एक जण वेळ सांगणारा. मुलानं पेन्सिलीनं रेघ मारली असेल तरच कटर चालवणारा, आणि तोही त्याच रेघेवर. फारच चुळबुळ होत असेल तर माझा हमखास उपाय : पालकांची अदलाबदल. दुसऱ्याच्या मुलासमोर माणूस बराच सबुरीनं वागतो.

चाकं बनवणाऱ्या गटांसाठी एक बारकावा. झाकणाला नजरेनं मधोमध भोक पाडलं तर गाडी लंगडते. झाकण कागदावर ठेवून गोल काढा, कापा, दोनदा दुमडा. घड्या जिथं छेदतात तो मध्य. तो कागद झाकणावर ठेवून टोचा. टोचताना झाकण हातात धरायचं नाही, खाली जुन्या पुठ्ठ्याची चवड ठेवायची. आणि काडी झाकणात घट्ट, नळीत सैल. उलटं केलं की बैल जागचा हलत नाही.

इशारा : मोबाइल टोपलीत. "यूट्यूबवर बघून घेऊ" म्हटलं की गेल्या दीड तासाचं काम वाया.

इशारा : कूलरवर काम करणाऱ्या गटाला खरा कूलर देऊ नका, बादली द्या. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भाला नव्या नाहीत. घरी बसवायचं झालं तर प्लग काढूनच, आणि मोठ्या माणसानंच.

## टप्पा ९ : वापरायला द्या आणि गप्प बसा (१५ मिनिटं), मग पुन्हा करा (२५ मिनिटं)

इथं हमखास प्रदर्शन भरतं. मुलं नमुन्यामागं उभी राहून पाठ केलेलं बोलतात, पाहुणे टाळ्या वाजवतात. ते करायचं असेल तर दुसऱ्या दिवशी करा.

चाचणी म्हणजे वस्तू मालकाच्या हातात द्यायची आणि बनवणाऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं. कसं वापरायचं हे सांगावं लागलं, तर तीच पहिली नोंद. वहीत तीन रकाने : काय चाललं, कुठं अडलं, त्यांनी काय विचारलं. "आवडलं का?" हा प्रश्न काढून टाका. आजी नातवाला "नाही आवडलं" म्हणणार आहे का?

आजीला हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि बादलीत पाणी सोडलं. झेंडा वर आला. आजी बघतच होती, पण भलतीकडे. चष्मा घरी राहिला होता. आणि घरी कूलरपुढं पडदा असतो, हे तिला आत्ता आठवलं. झेंडा बाद. मुलाचं तोंड एवढंसं झालं.

म्हणून शेवटची २५ मिनिटं राखायचीच. वेळ कमी पडला तर आधीचं काहीतरी कापा, पण दुरुस्तीचा वेळ कापू नका. बहुतेक कार्यशाळा पहिल्या नमुन्यावर संपतात, आणि मूल घरी जाताना एवढंच घेऊन जातं की आपलं फसलं. त्या गटानं झेंडा काढला आणि काडी वर येऊन टेकेल तिथं सुतळीला घुंगरू बांधलं. घुंगरू एका मदतनिसाच्या गाडीच्या किल्लीचं. पाणी चढलं, काडीनं धक्का दिला, घुंगरू वाजलं आणि आजी पाठमोरी असतानाच म्हणाली, "झालं, बंद कर!"

उरलेल्या १० मिनिटांत प्रत्येक गट एवढंच सांगतो : आधी काय वाटलं होतं, मग काय निघालं. भाषणं नाहीत, प्रमाणपत्रं टपालानं.

## टप्पा १० : शिक्षकांनी हे वर्गात नेताना

साठ मुलं आणि ३५ मिनिटांचा तास. सव्वातीन तासांचा आराखडा तिथं जसाच्या तसा बसत नाही, आणि बसवायला गेलेला शिक्षक दुसऱ्या आठवड्यात सोडून देतो. त्यापेक्षा कार्यानुभवाचे पाच तास घ्या. मुलाखत घरचा अभ्यास म्हणून द्या. पहिल्या तासाला फक्त वाक्य, दुसऱ्याला आठ चौकोन, तिसरा-चौथा जोडून नमुना, पाचव्याला चाचणी. दुरुस्ती पुन्हा घरी, पण "पालकांनी हात लावला नाही" असं पालकांकडूनच लिहून घ्या. चमत्कार होत नाही, पण जरा लाज वाटते.

मधल्या दिवसांत नमुने ठेवायचे कुठं, हा खरा प्रश्न. प्रत्येक गटाला एक खोका, त्यावर नाव, कपाटावर रचून. वर्गात जागा नसेल तर नमुन्याची कमाल मापं आधीच सांगा : चपलेच्या खोक्यात मावेल एवढाच.

गुण वहीला द्या, वस्तूला देऊ नका. वस्तूला गुण दिलेत की स्टेशनरीच्या दुकानातला तयार प्रोजेक्ट वर्गात येतो, तोही दिव्यांसकट. वहीत मुलाखतीतले शब्द, खोडलेली वाक्यं, आठ चौकोन आणि चाचणीचे तीन रकाने असतील तर ते विकत मिळत नाही. खोडाखोड दिसली तर जास्त गुण, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) असलेल्या शाळेत थ्रीडी प्रिंटर खुणावत असतो. पहिला नमुना तरीही पुठ्ठ्याचा. चुकलेला पुठ्ठा फेकायला जिवावर येत नाही, चार तास छापलेली वस्तू फेकायला येतं.

## टप्पा ११ : आवराआवर

आवरायला मुलंही थांबतात. कात्र्या, कटर, टोचण्या, सेल, सगळं मोजून परत. आकडा जुळेपर्यंत हॉलचं दार बंद. ग्लूगन प्लग काढून अर्धा तास तशीच उभी ठेवा, गरम असताना पिशवीत टाकली की पिशवी गेली. पुठ्ठा वेगळा करून कबाड्याला द्या, टेप लागलेला नको म्हणतो तो बाजूला.

आणि दोन-अडीच महिन्यांनी प्रत्येक घरी एक फोन करा. वस्तू वापरात आहे का, कुणी काय बदललं, एवढंच विचारायचं. आजीच्या घरी मी ऑगस्टमध्ये फोन केला. बाटली अख्खा जून चालली होती, काडी मुलानं बांबूची काढून ॲल्युमिनियमची केली होती. कूलर आता कोरडा करून ठेवला होता. आणि घुंगरू? "ते काढलं सर," मुलगा म्हणाला, "परवा तान्हा पोळा आहे न. बैलाच्या गळ्यात बांधलं."